नोंदणी मे महिन्यात, विधी डिसेंबरात: ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसासाठी नात्याचे पुरावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचे माहेर डिचोलीत, सासर फोंडा तालुक्यात आणि पती पर्थ येथे ऑस्ट्रेलियाचे कायम रहिवासी आहेत. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात दोघांच्या सह्या मे २०२४ मध्ये झाल्या आणि धार्मिक विधी तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर डिसेंबर २०२४ मध्ये पार पडला. पती तेव्हा पाच आठवडे आणि पुढे २०२५ च्या चवथीला (गणेशचतुर्थीला) दोन आठवडे गोव्यात होते, म्हणजे पतिपत्नी म्हणून एका छपराखाली गेलेले दिवस जेमतेम पन्नास. ताई सासरी राहून कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतात. संयुक्त बँक खाते नाही, भाडेकरार नाही आणि घरचे वीजबिल अजून आजेसासऱ्यांच्या नावावर येते. एका परिचिताने त्यांना तीनशे छायाचित्रे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील सगळे संभाषण जोडण्याचा सल्ला दिला आहे. ‘इतके कमी दिवस एकत्र राहिलो म्हणून अर्ज नाकारतील का?’ ही त्यांची मुख्य धास्ती आहे.

मी गेली अठरा वर्षे पणजीत अशा फायली तयार करण्याचे काम करीत आहे. त्या अनुभवावरून आधी एवढे सांगतो की पन्नास दिवस हा आपल्या अर्जातला सर्वांत मोठा धोका नाही. त्याहून मोठा धोका मे आणि डिसेंबर या दोन तारखांमध्ये दडलेला आहे, आणि त्याविषयी आपण काहीच विचारलेले नाही.

दिवसांचा प्रश्न आधी मिटवू. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या मायग्रेशन अ‍ॅक्टमध्ये पतिपत्नी कोणाला म्हणावे हे सांगताना चार गोष्टी मागितल्या आहेत: विवाह वैध असावा, दोघांची एकमेकांशी, इतर सर्वांना वगळून, सामाईक आयुष्याची बांधिलकी असावी, नाते खरे आणि चालू असावे, आणि दोघे एकत्र राहत असावेत किंवा निदान कायमचे विभक्त राहत नसावेत. हा शेवटचा पर्याय आपल्यासारख्या जोडप्यांना लागू पडतो. नोकरी, रजा आणि व्हिसा यांच्या अडचणींमुळे दूर राहणे म्हणजे कायमचे विभक्त राहणे नव्हे, मात्र ते तसे का नव्हे हे अर्जदाराने दाखवावे लागते. विवाहाऐवजी केवळ सहजीवनाच्या आधारावर अर्ज करणाऱ्यांना सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीचे बारा महिने असे नाते असल्याचे दाखवावे लागते. आपला विवाह वैध असल्यामुळे ती अट आपल्याला लागू नाही.

आता तारखांकडे वळतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून विवाहाची नागरी नोंदणी हाच विवाहाचा कायदेशीर पाया आहे. हिंदू कुटुंबांत रजिस्ट्रारसमोर ‘पहिली सही’ आणि मधला मुदतीचा काळ संपल्यावर ‘दुसरी सही’ झाली की कायद्याच्या दृष्टीने विवाह झाला. घरात मात्र त्याला कोणी लग्न म्हणत नाही. मुलगी माहेरीच राहते, मुहूर्त सहा-सात महिन्यांनी निघतो आणि विधी झाल्यावरच ती सासरी जाते. आपल्याला हे इतके सवयीचे आहे की कोणाला ते समजावून सांगावे लागेल असे वाटतच नाही. परंतु फाइल वाचणारा अधिकारी गोव्याचा नसतो. त्याच्यासमोर प्रमाणपत्र मे महिन्याचे, पत्रिका आणि छायाचित्रे डिसेंबरची, नातेवाईकांच्या निवेदनात ‘डिसेंबरमध्ये लग्न झाले’ असे वाक्य आणि त्या मधल्या सात महिन्यांत पती-पत्नी एकदाही भेटले नाहीत असे चित्र उभे राहते. त्यातून तो काय निष्कर्ष काढील, याचा आपणच विचार करा. (ख्रिस्ती कुटुंबांत रजिस्ट्रारचे ना-हरकत पत्र घेऊन चर्चमध्ये विवाह लागतो आणि त्याची नोंद पुढे रजिस्टरमध्ये चढते, त्यामुळे हा घोळ तिथे सहसा होत नाही.)

यावर उपाय सोपा आहे, पण तो अर्ज भरण्याआधी करायला हवा. अर्जात विवाहाची तारीख म्हणून दुसऱ्या सहीची, म्हणजे प्रमाणपत्रावरची तारीखच लिहावी. दोघांच्या निवेदनात एक स्वतंत्र परिच्छेद देऊन गोव्यातील ही पद्धत, मधल्या काळात आपण माहेरी का राहिलात आणि सासरी कोणत्या तारखेपासून राहू लागलात, हे सरळ शब्दांत सांगावे. निवेदन देणाऱ्या प्रत्येकाला ‘नोंदणी’ आणि ‘विधी’ हे दोन शब्द वेगळे वापरायला सांगावे.

आणखी एक जागा आहे, जिथे मी दरवर्षी कोणाची तरी गाडी अडकलेली पाहतो. ऑस्ट्रेलियाचे कर-वर्ष १ जुलै ते ३० जून असे चालते आणि तिथल्या प्राप्तिकर विवरणात जोडीदाराची माहिती विचारतात. आपली नोंदणी मे महिन्यातली, म्हणजे २०२३-२४ या वर्षातली. पतींनी त्या वर्षीचे विवरण भरताना ‘लग्न अजून व्हायचे आहे’ असे मानून ‘जोडीदार नाही’ असे लिहिले असेल, तर सरकारच्या एका खात्याकडे ते अविवाहित आहेत आणि दुसऱ्या खात्याकडे विवाहित. हा फरक हेतुपुरस्सर नसला तरी कागदावर वाईट दिसतो. पतींनी आपल्या कर-सल्लागाराला विचारून विवरणात दुरुस्ती करून घ्यावी आणि दुरुस्तीची पोच फाइलमध्ये ठेवावी. मे ते डिसेंबर या काळात आपण कोणत्याही देशाच्या व्हिसा-अर्जात ‘अविवाहित’ असे लिहिले असेल, तर तेही आता लपवू नये. त्याचा खुलासा आपण होऊन करावा. चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचे ठरले, तर ‘पब्लिक इंटरेस्ट क्रायटेरियन ४०२०’ या निकषाखाली अर्ज नाकारला जातो आणि पुढील तीन वर्षे त्या निकषाच्या कक्षेत येणारे व्हिसा मिळणे कठीण होते. अपुरा पुरावा नंतर भरून काढता येतो, पण विसंगत माहितीचा डाग सहज जात नाही.

पुरावे कोणत्या अंगाने तपासतात, हे १९९४ च्या मायग्रेशन रेग्युलेशन्समधील नियम १.१५ए मध्ये सांगितले आहे: आर्थिक बाजू, घराचे स्वरूप, सामाजिक बाजू आणि परस्परांच्या बांधिलकीचे स्वरूप. अधिकाऱ्याने या चारही बाजू विचारात घ्यायच्या असतात, पण चारही सारख्याच भक्कम असायला हव्यात असे कुठेही लिहिलेले नाही. इथे एक इशारा देतो. आपल्याकडच्या अनेकांचे नातेवाईक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेले आहेत आणि तिथून आलेली कागदांची यादी घेऊन लोक माझ्याकडे येतात. ब्रिटनच्या जोडीदार व्हिसात किमान उत्पन्नाची ठरावीक अट आहे आणि एप्रिल २०२४ मध्ये ती वर्षाला २९,००० पौंडांवर नेली गेली. ऑस्ट्रेलियाच्या पार्टनर व्हिसाला असा ठरावीक आकडा नाही. म्हणून पतींच्या पगाराच्या पावत्यांचा गठ्ठा जोडण्यात वेळ घालवू नका. दोघांचे पैसे एकमेकांच्या आयुष्यात कसे फिरतात, हे दाखवायचे आहे.

आपल्या बाबतीत ते कसे फिरतात? आपण लिहिले आहे की पती दरमहा पैसे वडिलांच्या खात्यात पाठवतात आणि घराचा खर्च सासरे चालवतात. गोव्यातल्या एकत्र कुटुंबात हे अगदी स्वाभाविक आहे, पण अधिकाऱ्याला त्यात ‘पत्नीला एकही रुपया पाठवलेला नाही’ एवढेच दिसेल. ही व्यवस्था जशी आहे तशीच दाखवा. सासऱ्यांच्या खात्याच्या उताऱ्यात पर्थहून आलेल्या रकमा खुणेने दाखवा, आपल्या पगारातून घरात कोणता खर्च होतो ते उताऱ्यावरून दाखवा, आणि घर एका चुलीवर चालते हे सासऱ्यांनी स्वतःच्या निवेदनात सांगावे. अर्जाच्या दोन आठवडे आधी अचानक आपल्या खात्यात दरमहाचे पैसे सुरू करण्याचा सल्ला कोणी देईल. तसा देखावा तारखांवरून लगेच उघडा पडतो. खरोखरच थेट पैसे पाठवण्याची गरज असेल, तर आजपासून सुरू करा आणि ते पुढेही चालू ठेवा.

संयुक्त खात्याविषयी लोकांची समजूत बरीच चुकीची असते. अनिवासी भारतीयाला आपल्या एनआरई खात्यात (परदेशातली कमाई भारतात रुपयांत ठेवण्याच्या खात्यात) निवासी नातेवाइकाचे नाव जोडता येते, पण ते ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने. म्हणजे पती हयात असताना पत्नीला त्या खात्याचे व्यवहार मुखत्यारपत्रधारक म्हणूनच करता येतात. त्यामुळे असे खाते उघडले, तरी उताऱ्यात आपला हात कुठे दिसणार नाही, आणि वर्षभर जमा-खर्च नसलेले संयुक्त खाते तर काहीच सिद्ध करीत नाही. याउलट ज्या कागदांकडे कोणाचे लक्ष जात नाही, ते वजनदार ठरतात. भविष्य निर्वाह निधीच्या नियमांनुसार, कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन विवाहानंतर आपोआप निरर्थक ठरते. आपण नोकरीला लागताना वडिलांचे नाव दिले असेल, तर आता पतींच्या नावे नवे ई-नामनिर्देशन करणे हे व्हिसा नसता, तरी करावेच लागले असते. पतींनीही आपल्या सुपरॅन्युएशन, म्हणजे तिथल्या निवृत्तिनिधीत लाभार्थी म्हणून आपले नाव नोंदवावे. आयुर्विमा असेल तर त्यातही तेच. या नोंदींवर तारीख असते आणि ती तिसऱ्या संस्थेने घातलेली असते. तिथेच त्यांचे मोल आहे.

गोव्याच्या कायद्याचा एक खास मुद्दा इथे येतो. विवाहपूर्व करार केलेला नसेल, तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार पतिपत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि स्थावर मालमत्ता विकायची झाली, तर दोघांच्या सह्या लागतात. नियम १.१५ए मध्ये ‘एकाचे दुसऱ्याप्रती कायदेशीर दायित्व आहे का’ असा मुद्दा आहे, म्हणून ही बाब एका परिच्छेदात जरूर मांडावी. पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. ती प्रत्येक गोमंतकीय जोडप्याला कायद्याने आपोआप मिळते. त्यातून बांधिलकी कायद्याची दिसते, आपली नव्हे. पतींनी मडगावात घेतलेल्या फ्लॅटच्या करारात आपले नाव घातले असेल किंवा कर्जात आपण सहकर्जदार असाल, तर गोष्ट वेगळी.

घराची बाजू दूर राहणाऱ्या जोडप्यांना सर्वांत अवघड वाटते, आणि नेमकी तिथेच आपली फाइल चांगली आहे. पती परदेशात असतानाही आपण सासरी राहता, हे साधे नाही. आधार कार्डावरचा पत्ता, मतदार यादीतली नोंद, बँकेत आणि कंपनीत नोंदवलेला पत्ता, पंचायतीचा रहिवासी दाखला, असे जे जे सासरच्या पत्त्यावर बदलले आहे, ते तारखेसह जोडा, आणि जे बदलायचे राहिले आहे, ते आता बदलून घ्या. वीजबिल आजेसासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून खंत करू नका. आपल्या गावांत बऱ्याच घरांची तीच स्थिती आहे. आपल्या नावाची पत्रे, कुरिअरच्या पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी या गोष्टी तेच काम करतात. पर्थच्या बाजूने पतींचा भाडेकरार जोडा. मित्रांबरोबरची खोली सोडून त्यांनी दोघांसाठी घर घेतले असेल, तर जुना आणि नवा दोन्ही करार द्या, कारण त्या बदलातच त्यांचा बेत दिसतो.

सामाजिक बाजूसाठी आपल्याकडे जे आहे, ते पुष्कळ जोडप्यांकडे नसते. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेराहून सासरी वजें, म्हणजे सणाची फळे-मिठाईची भेट, आले असेल; माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या छताखाली, दोन्ही घरची माणसे एकत्र उभी असतील. ही छायाचित्रे मांडवातल्या शंभर छायाचित्रांपेक्षा जास्त बोलतात, कारण लग्नाचा सोहळा कोणीही मोठा करू शकतो, पण आठ महिन्यांनी सासरच्या स्वयंपाकघरात नेवऱ्या करीत बसलेली सून ही सोहळ्यासाठी उभी केलेली नसते. परिचिताचा तीनशे छायाचित्रांचा सल्ला म्हणूनच मोडीत काढा. तीस-चाळीस पुरेत: साखरपुडा, नोंदणीचा दिवस, विधी, चवथ, जत्रा, प्रवास आणि पती नसताना सासरच्यांबरोबरचे प्रसंग. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि माणसांची ओळख नात्यासह लिहा. वजें म्हणजे काय, हे एका वाक्यात इंग्रजीत समजावून सांगा. नाहीतर अधिकाऱ्याला ते मिठाईचे टोपले वाटेल, नाते नव्हे.

ओळखीच्यांची निवेदने हा याच बाजूचा भाग आहे. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने दोघांना ओळखणाऱ्या, अठरा वर्षांवरील, तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या निदान दोघांची फॉर्म ८८८ वरील निवेदने घ्यावीत. गोव्यातील नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे त्याला जोड म्हणून द्यावीत. माझी सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक इथे सांगतो. एका जोडप्याची पाच प्रतिज्ञापत्रे मी माझ्याच कार्यालयात, एकाच मसुद्यावरून, नावे बदलून टंकलिखित करून दिली. मुद्रांकावर नोटरीची मोहोर, सही, सगळे व्यवस्थित. अधिकाऱ्याने निर्णयात लिहिले की पाचही व्यक्तींनी एकच वाक्य शब्दशः वापरले आहे, सबब या निवेदनांना फारसे महत्त्व देता येत नाही. तेव्हापासून मी लोकांना मसुदा देत नाही, फक्त प्रश्न देतो: तुम्ही दोघांना कधी एकत्र पाहिले, काय पाहिले, त्यांच्या नात्याविषयी तुमचे मत काय आणि ते का. नणंदेने तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलेली अर्धी पानभर हकिकत वकिलाच्या तीन पानांपेक्षा बरी. मराठीत किंवा कोंकणीत लिहिले, तरी चालते. सोबत इंग्रजी भाषांतर हवे. भाषांतर भारतात केले, तर भाषांतरकाराने त्यावर आपले पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि पात्रता व अनुभव यांचा तपशील लिहावा.

भाषांतराचा हाच नियम व्हॉट्सअ‍ॅपलाही लागू होतो, आणि सगळे संभाषण जोडू नये याचे खरे कारण तेच आहे. आपले संदेश रोमी अक्षरांतली कोंकणी, थोडी मराठी आणि थोडी इंग्रजी असे मिसळलेले असणार. हजार पाने कोण भाषांतरित करणार आणि कोण वाचणार? दर महिन्यातले दोन-तीन प्रसंग निवडा आणि शक्यतो प्रेमाच्या वाक्यांपेक्षा संसाराची वाक्ये निवडा: सासऱ्यांना दवाखान्यात नेले त्या रात्रीचे बोलणे, पर्थमध्ये कोणत्या भागात घर घ्यावे यावरचा वाद, आपल्या नोकरीच्या राजीनाम्याची चर्चा. सोबत कॉलची महिनावार नोंद द्या. पती खाणीवर ‘दोन आठवडे काम, एक आठवडा घरी’ अशा पाळीने जातात, असे आपण लिहिले आहे. तसे असेल तर कॉलच्या नोंदीत दर तीन आठवड्यांत एक विरळ पट्टा दिसेल. त्यांच्या कंपनीचे पाळीपत्रक त्या नोंदीशेजारी लावा, म्हणजे तीच विरळ जागा आपल्या म्हणण्याचा पुरावा होईल.

बांधिलकीच्या बाजूचा कणा म्हणजे दोघांची निवेदने. ती वेगवेगळी, आपापल्या शब्दांत लिहावीत, पण लिहिण्यापूर्वी दोघांनी कॅलेंडर, तिकिटे आणि पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून तारखा पक्क्या कराव्यात. पहिली भेट नेमकी कुठे झाली, याबाबत नवरा-बायकोचे एकमत नसणे घरात गमतीचे असते. फाइलमध्ये ते महागात पडते. स्थळ पाहून ठरलेला विवाह असेल तर तसेच लिहा. ओळख आधीपासूनची होती असे रंगवण्याची गरज नाही, कारण ठरवून झालेल्या विवाहाला कायद्यात कोठेही कमी लेखलेले नाही. पहिल्या काही महिन्यांत एकमेकांना ओळखायला वेळ लागला असेल तर तेही लिहावे.

आपण सबक्लास ३०९ चा, म्हणजे तात्पुरत्या पार्टनर व्हिसाचा, अर्ज भारतातून करणार. त्याच अर्जात कायमचा सबक्लास १०० सुद्धा मागितलेला असतो आणि त्याचा विचार साधारणपणे अर्जापासून दोन वर्षांनी होतो. तेव्हा नाते अजून चालू असल्याचे नव्याने दाखवावे लागते, म्हणून पुरावे जमवणे अर्जाच्या दिवशी थांबवू नका. शुल्क नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक आहे आणि अर्ज नाकारला गेला, तर ते परत मिळत नाही. त्यामुळे वरील दुरुस्त्यांसाठी महिना-दोन महिने गेले, तर जाऊ द्या. पतींची पुढची भेट होईपर्यंत मात्र थांबण्याचे कारण नाही. त्या भेटीचे पुरावे अर्ज प्रलंबित असतानाही जोडता येतात.

शेवटची एक बारीक बाब. आपले नाव लग्नात बदलले आहे का, हे आपण कळवलेले नाही. आपल्या भागात अजूनही पुष्कळ घरांत विधीच्या वेळी मुलीला नवे नाव ठेवतात. मग नोंदणीच्या प्रमाणपत्रावर आणि पासपोर्टवर माहेरचे नाव, आमंत्रणावर वेगळे आणि नातेवाइकांच्या निवेदनांत सासरचे नाव, अशी एकाच बाईची तीन नावे फाइलमध्ये फिरू लागतात. अर्जात ‘इतर कोणत्या नावांनी ओळखले जाता’ असा रकाना आहे. त्यात ती सगळी लिहा. पासपोर्ट मात्र अर्जाच्या आधी घाईने बदलून घेऊ नका. अर्ज दाखल झाल्यावर बदललात, तर फॉर्म ९२९ भरून नवा क्रमांक त्याच दिवशी कळवा.